काळ्या दगडातली लाल वाईन : वाचकांचे प्रश्न, नानाची उत्तरं

मागच्या अंकात केळी-कापूस बाजूला ठेवून मी सिसिली बेटावरच्या एटना डोंगराबद्दल लिहिलं होतं. भाचा तिकडे कटानियाला नोकरीला आहे, त्याच्याकडे गेलो आणि ऑक्टोबरच्या तोडणीत एका घरच्या लहानशा द्राक्षमळ्यात चार दिवस क्रेट उचलले, तेवढाच माझा अनुभव. वाटलं होतं वाचक शिव्या घालतील, म्हातारपणी नाना दारूवर घसरला म्हणून. शिव्या दोनच आल्या, प्रश्न मात्र ढिगाने आले. जमतील तितके घेतो, क्रम माझ्या सोयीने लावलाय.

नाना, काळी द्राक्षं घरी मिक्सरला न लावता नुसती हाताने पिळली तर रस पांढुरका निघतो. मग वाईन लाल कशी होते, रंग टाकतात का? (चोपडा)

नाही हो भाऊ, रंग सालीत असतो. जवळपास सगळ्या काळ्या द्राक्षांचा गर पांढराच, त्यामुळे रस किती वेळ सालीसोबत राहिला त्यावर वाईनचा रंग ठरतो, लगेच गाळला तर फिका गुलाबी आणि आठ-पंधरा दिवस सालीसकट आंबवला तर लाल. एटनावरचं मुख्य द्राक्ष नेरेल्लो मस्कालेझे, आणि त्याच्या सालीत मुळातच रंग थोडा कमी. त्यामुळे ती वाईन ग्लासात धरली तर पलीकडचं बोट दिसतं, आपल्या कोकमाच्या आगळाइतकीही गडद नाही. भारतात लोकांना वाटतं काळीकुट्ट म्हणजे भारी, तसं काही नसतं. दिसायला पातळ पण तोंडात गेली की आंबट आणि तुरट, जीभ आवळते.

आता जुनी पद्धत सांगतो कारण ती बघायलाच मी खरं तर गेलो होतो. तिकडे प्रत्येक मळ्यात एक दगडी घर असायचं, त्याला पाल्मेंतो म्हणतात. आपल्याकडे गुऱ्हाळ असतं ना, तसंच समजा, फक्त भट्टी नाही. डोंगर उतारावर बांधलेलं, वरच्या बाजूच्या खिडकीतून द्राक्षं आत ओतायची, ती वरच्या दगडी फरशीवर पडतात, तिथे माणसं पायाने तुडवतात, रस आपोआप खालच्या दगडी हौदात जातो, पंप नाही मोटर नाही, सगळं उतारावर. लाल करायची असेल तर साली पुन्हा हौदात रसासोबत टाकायच्या. नंतर उरलेला चोथा ढीग करून त्यावर एक अवाढव्य लाकडी तुळई लाकडी स्क्रूने दाबायची. ती तुळई बघून मला आमच्या गावचा बैलघाणा आठवला, तोच वास, तोच काळेपणा लाकडाला. साली वर तरंगून जाड थर धरतात, तो दिवसातून दोनदा काठीने खाली बुडवावा लागतो, नाहीतर वरचा थर सुकून आंबूस होतो. यीस्ट बाहेरून आणत नाहीत, सालीवरचं आणि त्या जुन्या दगडातलंच काम करतं.

१९९० च्या दशकात युरोपच्या स्वच्छतेच्या नियमांमुळे पाल्मेंतोत विक्रीची वाईन करणं बंद झालं. आमच्या घरमालकांची विकायची वाईन खाली स्टीलच्या टाकीत होते आणि घरच्या पिण्यापुरती वर दगडात. मी दोन्ही चाखल्या. खोटं कशाला बोलू, स्टीलची जास्त साफ लागली, दगडातलीला थोडा गोठ्याचा वास होता. पण त्या घरचे म्हातारबुवा दगडातलीच पितात आणि स्टीलची पाहुण्यांना देतात.

आमचा खान्देशपण काळ्या दगडाचा, सातपुड्यात तोरणमाळ सारखी थंड जागा आहे. तिथे अशी वाईनची द्राक्षं लावली तर? दोन एकर माळरान पडून आहे. (शिरपूर)

हा प्रश्न सात जणांनी विचारला म्हणून सविस्तर लिहितो, आणि उत्तर आवडणार नाही हे आधीच सांगतो.

दगड दोन्हीकडे ज्वालामुखीचाच, हे खरं. पण आपला बेसॉल्ट दख्खनच्या लाव्ह्याचा, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षं जुना, आणि तो झिजून झिजून त्याची काळी माती झाली. ही माती कापसाला सोनं, पण पावसात फुगते, चिकट होते, पाणी धरून ठेवते आणि मे महिन्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. एटना अजून जिवंत आहे, मी तिथे होतो तेव्हाही वरून धूर निघत होता, सकाळी गाडीच्या काचेवर काळी राख. तिकडची माती म्हणजे राख आणि काळी रेती, हातात घेतली तर बोटातून निसटते, पाणी झरकन खाली जातं. वेलीला पाण्यासाठी खोल जावं लागतं, मणी लहान राहतो, साल आणि रस यांचं प्रमाण बदलतं, चव तिथून येते. दगड एकच असला तरी वय वेगळं, भाऊ. नुसता काळा रंग बघून जुळवू नका.

दुसरं म्हणजे हिवाळा. एटनाची चांगली द्राक्षं साधारण ४०० ते १००० मीटर उंचीवर, डोंगर स्वतः ३३०० मीटरच्या वर. हिवाळ्यात बर्फ पडतो आणि वेल झोपते, पूर्ण पानगळ. जानेवारी-फेब्रुवारीत छाटणी, एप्रिलमध्ये फूट, उन्हाळा कोरडा, ऑक्टोबरमध्ये तोडणी. तोरणमाळ उंचीला ११५० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे उंचीत आपण कमी नाही, पण आपण विषुववृत्ताला किती जवळ ते बघा. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून तर नाशिकवाले वर्षात दोनदा छाटतात, एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला फळ छाटणी, वेलीला फसवून एक पीक घेतात. आणि वाढीच्या ऐन दिवसात जून ते सप्टेंबर पाऊस. डावणी आणि भुरी (बुरशीचे रोग) या दोन बायांनी कितीतरी बागा खाल्ल्यात हे निफाड-दिंडोरीच्या कुठल्याही पाहुण्याला विचारा. सातपुड्यातला धो धो पाऊस आणि धुकं त्यात धरा.

तिसरं, विकणार कुठे? राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ साली आलं आणि नाशिककडे वायनरी उभ्या राहिल्या हे खरं आहे, तिकडे शिराझ, कॅबरने या जाती लावतात आणि चांगली वाईनही होते. पण वाईनचं द्राक्ष खायला कुणी घेत नाही, मणी बारका आणि बिया भरपूर. वायनरीने उचललं नाही तर मार्केट यार्डात नेऊन उपयोग नाही, केळीची गाडी भरता येते तशी ती भरता येणार नाही. एटनावरची ती घरं डोंगरावर द्राक्षं लावतात कारण आजोबांनी लावलेली आहेत. दोन एकरात सीताफळ लावा, त्याला माळरान चालतं.

भाऊ, हाऊ लाल रस ते आमना जांभूयना रससारखा दिखस, मंग त्याले इतला पैसा का बरं? (अमळनेर)

अहिराणीत विचारलंत, जीव थंड झाला. छापताना ऑफिसातल्या पोराने ‘हे बदलू का’ विचारलं, मी म्हटलं हात लावू नको.

पैसा कशाचा ते सांगतो. एका बाटलीला, म्हणजे ७५० मिलीला, सव्वा किलोच्या आसपास द्राक्षं लागतात. आपल्याकडे खायच्या द्राक्षाला एकरी दहा टन निघालं तर लोक समाधानी असतात. एटनाच्या लाल वाईनला तिकडच्या कायद्यानेच कमाल हेक्टरी ९ टनाची मर्यादा घातलीय, म्हणजे एकरी साडेतीन टनाच्या थोडं वर, आणि म्हाताऱ्या वेली तेवढंही देत नाहीत. एक वेल एक-दीड किलो देते, म्हणजे वर्षभर राबून एका वेलीची एक बाटली असं धरून चाला.

आणि राबणं कसलं! तारा नाहीत, मांडव नाही, वाय अँगल नाही. प्रत्येक वेल स्वतंत्र, झुडुपासारखी, बाजूला चेस्टनटच्या लाकडाची एक मेख आणि तिला बांधलेली. या पद्धतीला अल्बेरेल्लो म्हणतात, म्हणजे छोटं झाड. दोन वेलींमध्ये जेमतेम मीटरभर अंतर, मध्ये ट्रॅक्टर जाऊच शकत नाही, सगळं कुदळीने. उतार तर असा की काळ्या दगडांच्या कोरड्या भिंती रचून पायऱ्या केल्यात, सिमेंट नाही, चुना नाही. दर पावसाळ्यात कुठेतरी भिंत ढासळते आणि मग दगड उचला. आपल्या बांधावरून भांडणं होतात, तिकडे बांध रचायला माणूस मिळत नाही म्हणून रडतात, तरुण पोरं शहरात. मी पहिल्या दिवशी सहा क्रेट वाहिले आणि दुपारी झोपलो, तिसऱ्या दिवशी घरच्या आजीबाईने हाताने इशारा करून सांगितलं की तू फक्त पाणी वाटप कर.

मंग तुम्हीच सांगा, महाग शे का स्वस्त?

तुम्ही लिहिलंत की काही वेली शंभर वर्षांच्या वर आहेत. आमची केळी एक पीक आणि एक पीलबाग (पिलांवरचं दुसरं पीक), संपलं. एवढी वर्षं वेल जगते कशी? (रावेर)

यात एका किड्याची गोष्ट आहे. फायलोक्सेरा नावाचा माव्यासारखा बारीक किडा १८६० च्या दशकात अमेरिकेतून फ्रान्सला आला आणि त्याने युरोपभरच्या वेलींची मुळं खाऊन टाकली. इलाज एकच सापडला, अमेरिकन मुळावर युरोपियन काडीचं कलम करायचं, कारण अमेरिकन मुळाला त्या किड्याची सवय. आज जगात बहुतेक द्राक्षं अशीच उभी आहेत. आपल्या नाशिक-सांगलीकडे डॉगरिज नावाच्या मुळावर कलम करतात तेही मूळचं अमेरिकनच, फक्त आपण ते खारं पाणी आणि कमी पाणी सोसावं म्हणून घेतलं.

पण त्या किड्याला रेती जमत नाही, रेतीत त्याला फिरताच येत नाही. एटनाच्या काही पट्ट्यांत इतकी रेताड राख आहे की तिथल्या वेली स्वतःच्या मुळावर तशाच राहिल्या. आणि मधली एखादी मेली तर शेजारच्या वेलीची लांब काडी वाकवून मातीत पुरतात, तिला मुळं फुटली की नवी वेल, आपलं दाब कलमच की. त्यामुळे कुठली वेल कधीची ते घरच्यांनाही नीट सांगता येत नाही. खोड हातात धरलं तर पिळलेल्या दोरखंडासारखं लागतं.

केळीची तुलना करू नका हो रावेरकर. तुमच्या घडाचं वजन त्या म्हातारबुवांना फोटोत दाखवलं तर त्यांना खोटं वाटलं.

भरीत आणि कळण्याच्या भाकरीसोबत ही वाईन जाईल का? मुलगा पुण्याहून बाटली आणतो, सासरे रागावतात, पण विचारून ठेवते. (जळगाव)

ताई, सासऱ्यांचं मी काही करू शकत नाही.

भरीताचं सांगतो. काडीवर भाजलेल्या हिरव्या वांग्याला जो धूर लागतो तो अशा हलक्या लाल वाईनला छान जमतो, शेंगदाणे आणि कांद्याची पात पण चालते. अडचण मिरचीची. वाईनमधला तुरटपणा आणि अल्कोहोल तिखटाची आग वाढवतात, कमी करत नाहीत. ही वाईन १३-१४ टक्क्यांची असते. खान्देशी शेवभाजी किंवा काळ्या मसाल्याचा मटणाचा रस्सा आणि वर लाल वाईन म्हणजे तोंडात भट्टी, मी भाच्याकडे करून बघितलंय, कटानियाच्या फ्लॅटमध्ये, दोघंही शेवटी दही शोधत बसलो. भरीतात मिरची नेहमीच्या निम्मी घाला. नाहीतर भरीत नेहमीसारखं करा आणि सोबत ताक प्या, सासरेही बसतील पंगतीला.

अजून एक, तुम्ही शाकाहारी असाल तर बघून घ्या, लाल वाईन निवळायला काही जण अंड्याचा पांढरा वापरतात. लहान घरचे बरेचदा काहीच घालत नाहीत, गाळ तसाच खाली बसू देतात. लेबल वाचा.

वाईन हृदयाला चांगली म्हणतात, डॉक्टरांनी सांगितलं असं ऐकलंय. (धुळे)

कुठल्या डॉक्टरांनी, ते नाव सांगत नाहीत कधीच कुणी! जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या सुरुवातीला स्पष्ट म्हटलंय की दारूचं कुठलंच प्रमाण तब्येतीला सुरक्षित नाही. औषध म्हणून पिऊ नका. हृदयासाठी सकाळी मेहरूणच्या तलावाला दोन चकरा मारा, धुळ्यात असाल तर नकाण्याच्या.

मी शरद सीडलेस आणून साखर घालून काचेच्या बरणीत भरली, झाकण घट्ट लावलं. नवव्या दिवशी रात्री दोन वाजता फुटली, भिंत अजून जांभळी आहे. काय चुकलं? (पारोळा)

झाकण.

आता जरा नीट. आंबताना साखरेची अर्धी अल्कोहोल होते आणि जवळपास अर्धी कार्बन डायऑक्साइड. त्या गॅसला बाहेर जायला वाट नव्हती, म्हणून तुमची भिंत जांभळी. कुणाच्या डोळ्यात काच गेली नाही हे नशीब. आणि बंद खोलीत मोठ्या हौदात आंबवताना हाच गॅस जमिनीलगत साचतो, वाईनच्या तळघरात गुदमरून माणसं मेलीत. आपल्याकडे जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघायचे ना, विझला तर उतरायचं नाही, तिकडे तळघरात मेणबत्ती घेऊन जायचे, कारण तेच.

शरद सीडलेस खायला गोड लागतं पण त्यात वाईनला पुरेशी साखर नसते, म्हणून तर तुम्ही वरून घातलीत. हिशोब असा की लिटरमागे १७ ग्रॅमच्या आसपास साखर म्हणजे एक टक्का अल्कोहोल. तिकडचं द्राक्ष उशिरा ऑक्टोबरपर्यंत वेलीवर ठेवतात, रात्री थंड दिवसा ऊन, त्यामुळे साखरही चढते आणि आंबटपणाही टिकतो. आपल्या खायच्या द्राक्षात आंबटपणा नको असतो आणि साल पातळ हवी असते, म्हणजे वाईनला जे लागतं ते सगळं आपण मुद्दाम काढून टाकलंय.

आणि हो, राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि तो लागू आहे, लायसन्सशिवाय घरी बनवणं बसत नाही त्यात. बरणीला आता लोणचं घाला. म्हणजे नव्या बरणीला.

मित्राने परदेशातून आणलेली लाल वाईन चार वर्षं माळ्यावर जपून ठेवली होती, जितकी जुनी तितकी चांगली म्हणून. काल उघडली तर शिजलेल्या मनुक्यांचा आणि व्हिनेगरचा वास. (भुसावळ)

भुसावळचा माळा! मे महिन्यात खाली ४५ डिग्री, पत्र्याखाली माळ्यावर किती ते तुम्हीच बघा. वाईन शिजली हो. तळघरात १२-१५ डिग्रीला ठेवली तर काही वाईन सुधारतात, सगळ्या नाही, बहुतेक तर दोन-तीन वर्षांत पिऊन टाकण्यासाठीच असतात. आपल्याकडे आणली की फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आडवी ठेवा आणि वेळेत संपवा. रूम टेंपरेचरला प्या असं जे पुस्तकात लिहितात ती रूम युरोपातली, आपली नाही. लाल असली तरी गार करून १६ डिग्रीच्या आसपास प्यायची, फ्रिज नसेल तर ओलं फडकं गुंडाळून माठाशेजारी वाऱ्यात ठेवा. उघडलेली आता स्वयंपाकात घालू नका, सिंकमध्ये ओता.

नाना, परदेशातली कशाला सांगता, आमची मोहाची काय कमी आहे? (धडगाव)

कमी कोण म्हणतं? पण सरमिसळ नको. वाईन नुसती आंबवलेली, मोहाची आंबवून वर भट्टी लावून उतरवलेली, त्यामुळे ताकद वेगळी. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुलं गळतात, बाया-पोरं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली, ती वाळवायची, भिजत घालायची, मग पुढचं.

मला जे सारखं वाटलं ते वेगळंच आहे. एटनावर त्या घरात पहिला ग्लास कुणी सहज उचलला नाही, म्हातारबुवांनी आधी हौदाच्या कडेला थोडी सांडली आणि काहीतरी पुटपुटले, भाच्याला विचारलं तर म्हणाला त्यांच्या वडिलांसाठी. तुमच्याकडे देवाला धार दिल्याशिवाय तोंडाला लावत नाहीत. काठी गावच्या होळीला मी दोनदा आलोय, रात्रभर ढोल, पहाटे होळी पेटते, तिथे एका आजोबांनी पानाच्या द्रोणात दिली होती आणि पैसे पुढे केले तर रागावले. दोन्हीकडे ही घरची वस्तू, पाहुण्याला द्यायची. फरक एवढाच की त्यांच्या घरच्या वस्तूला १९६८ साली सरकारी दर्जा मिळाला, लेबल लागलं आणि आता ती दुकानात भाव खाते, आणि तुमच्यावर बरीच वर्षं फक्त धाडी पडल्या. हे मला खटकतं, लिहून ठेवतो.

डोंगराभोवती छोटी रेल्वे फिरते असं लिहिलंत, आपल्या पाचोरा-जामनेर पीजेसारखी? (पाचोरा)

अगदी तशीच! चिरकुमेत्नेआ नाव, मूळ मार्ग कटानियाहून डोंगराला वळसा घालून रिपोस्तोपर्यंत, ११० किलोमीटर, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी झाली. रूळ ९५० मिलिमीटरचे, म्हणजे आपल्या पाचोरा-जामनेरच्या ७६२ पेक्षा थोडे रुंद. रिपोस्तो बंदरातून पूर्वी पिंपच्या पिंपं वाईन जहाजाने जायची. गाडी लाव्ह्याच्या वाळलेल्या काळ्या लोटांमधून जाते, मळे इतके जवळ की खिडकीतून घड तोडावा वाटतो. मी रान्दात्सोपर्यंत गेलो, तिकीट काढताना डोळ्यापुढे शेंदुर्णी स्टेशनच होतं. आपली पीजे बंद पडली तेव्हा जितकं वाईट वाटलं तितकंच तिथे बरं वाटलं.

तुम्ही आणलेल्या बाटलीतली उरलीय का थोडी? (नाव छापू नका)

नाही. रिकामी बाटली आहे, तिच्यात आमच्या घरी घाण्याचं शेंगदाणा तेल भरलंय.